पिल्लाला 'मर्मर' आहे म्हणाले? या चुका टाळा

कुत्र्याच्या पिल्लाच्या छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा फुसफुस आवाज, ऐकू येतेय असं डॉक्टर म्हणाले की माणसं एकतर रडतात, नाहीतर विसरून जातात. विसरणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

'मोठा झाला की जाईल' हे त्यांचं पालुपद. जाते, पण सगळ्यांची नाही. आवाज किती मोठा, त्यावरून मर्मरची १ ते ६ अशी ग्रेड असते. त्यातली १-२ ग्रेडची बऱ्याच पिल्लांत निरुपद्रवी असते आणि चार-पाच महिन्यांपर्यंत जाते. पण गेली की नाही, हे स्टेथोस्कोप लावल्याशिवाय कळणार कसं?

माझ्या भाचीचा गोल्डन रिट्रीव्हर. पहिल्या लसीच्या वेळी मर्मर ऐकू आली, पुढच्या डोसला पुन्हा बघू असं ठरलं. पुढचे डोस घरी येऊन टोचणाऱ्या एकाने दिले. तेवढेच रिक्षाचे पैसे वाचले! अकराव्या महिन्यात चेंडूमागे धावताना कुत्रा धाडकन आडवा. 'फिट आली' म्हणत शेजारच्या काकूंनी नाकाशी कांदा धरला. (कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर विष, पण ते असो.) वीसेक सेकंदांत तो उठून शेपटी हलवायला लागला, सगळे खूश. फिट येऊन गेलेला कुत्रा सहसा बराच वेळ भांबावलेला असतो. धावताना कोसळून लगेच सावरला तर आधी हृदय तपासायचं. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, झडपेखाली जागा अरुंद निघाली. हा जन्मजात दोष गोल्डन, बॉक्सर, रॉटवायलर यांच्यात आढळतो आणि पहिल्या वर्षात वाढूही शकतो. आता रोज गोळी, आणि चेंडू कपाटावर.

मी लसीच्या प्रत्येक खेपेला 'छाती ऐकलीत का? ग्रेड किती?' असं विचारतो आणि फाइलवर लिहून घेतो. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. कुत्रा कोसळलाच, तर एकाने हिरड्यांचा रंग बघावा, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा.

हृदयावर लक्ष ठेवायला घरी श्वास मोजतात, दुसरी चूक त्यातली. मे महिन्यात खेळून आलेला, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा, त्याचे श्वास मोजतात आणि रात्री अकराला मला फोन करतात. गाढ झोपू द्या त्याला. छाती वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३०च्या आत हवेत. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबा. मी आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहितो. रोज ३०च्या वर जायला लागला की दवाखाना.

श्वास घेताना ठोके जलद, सोडताना संथ: कुत्र्यांत हे नॉर्मल आहे. ईसीजी चांगला आला म्हणून इको टाळू नका. हिरड्या पांढुरक्या असतील तर गोचीडतापही तपासून घ्या, रक्त कमी झालं तरी मर्मर येते. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आजोबांनाच राहू द्या. नसबंदीची तारीख घेताना मर्मरचं आधी सांगा, भूल त्याप्रमाणे ठरते.

आणि पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर ऐकू येतेय म्हणाले, तर जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी उघडी राहिलेली असू शकते. ती वेळेत बंद केली तर कुत्रा चारचौघांसारखा जगतो. तिथे पाचव्या महिन्याची वाट बघायची नसते, त्याच आठवड्यात इको.