टर्की सीझनसाठी शॉटगन तयार करणं: नवीन लोकांसाठी माझा अनुभव

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांपैकी हल्ली बरेच जण शिकारीकडे वळतायत, कोणाला ऑफिसातला सहकारी सोबत नेतो, कोणाला सासऱ्यांची जुनी बंदूक मिळते, आणि मार्च लागला की मला साधारण एकच प्रश्न येतो, हंटर एज्युकेशनचं कार्ड झालंय, शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) घरात आहे, एप्रिलमध्ये टर्कीचा, म्हणजे त्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा, सीझन आहे, आता काय करू. मी मिझुरीत राहतो, नोकरी मशीन डिझाइनची, आणि गेली काही वर्षं शनिवारी एका गनस्मिथ काकांच्या दुकानात हाताखाली काम करतो. तिथे सीझनच्या आधी ज्या बंदुका येतात त्यावरून जे शिकलो ते लिहितोय.

आधी कायद्याचं, कारण ते चुकलं तर बाकी सगळं वाया. तुम्ही एच-१बी, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, त्याला थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे चालू असलेलं हंटिंग लायसन्स. पण तेवढ्या भरवशावर थेट दुकानात जाऊ नका, आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, व्हिसाचा प्रश्न आहे. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आमच्या मिझुरीत नंबर ४ पेक्षा मोठे छर्रे टर्कीला चालत नाहीत (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे उलटं गणित लक्षात ठेवा). आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपलाय, त्यामुळे हे सगळं फक्त इकडच्यांसाठी.

आता मुद्द्याचं. टर्कीला शॉटगन का वेगळी लावावी लागते? बदकावर किंवा तितरावर आपण उडत्या पक्ष्याच्या अंगावर छर्ऱ्यांचा पसारा टाकतो. टर्की जमिनीवर उभा असतो, अंगावर जाड पिसं, छातीला भरपूर मांस, अंगावर मारलं तर तो जखमी होऊन पळतो किंवा उडतो आणि कुठेतरी झाडीत हळूहळू मरतो. म्हणून डोकं आणि मान, तेवढंच लक्ष्य. मेंदू आणि मणका धरला तर तुमच्या हाताच्या पंजाएवढीसुद्धा जागा नाही, आणि त्यात एकाच वेळी बरेच छर्रे जायला हवेत. एवढं जमत नसेल तर चाप ओढूच नये असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं काम या एका गोष्टीसाठी आहे.

बंदूक हातात आली की सगळ्यात आधी बॅरलवर काय कोरलंय ते वाचा. गेज (नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) किती आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती इंची, २¾, ३ की ३½. इथे एक फसवी गोष्ट आहे, काडतुसावर जी लांबी लिहितात ती उडवल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, त्यामुळे ३ इंची शेल (म्हणजे काडतूस) २¾ च्या जुन्या चेंबरमध्ये अगदी आरामात बसतं, बसलं म्हणजे चालतं असं वाटतं, पण उडवताना त्याचं तोंड उघडायला पूर्ण जागा मिळत नाही आणि प्रेशर वाढतं. दुसरं, २० गेजचं शेल चुकून १२ गेजमध्ये टाकलं तर ते घसरून चेंबरच्या पुढे नळीत अडकतं, बंदूक रिकामी वाटते, मागून १२ चं शेल टाकून उडवलं की बॅरल फाटते. म्हणून २० गेजची शेल्स सहसा पिवळी असतात. घरात दोन्ही गेज असतील तर जॅकेटचे खिसे घरूनच रिकामे करून निघा. आणि सासऱ्यांकडून आलेली बंदूक असेल तर रिकामी आहे याची खात्री करून बॅरल काढा, उजेडाकडे धरून आतून बघा, नळीत कुठे काळसर कड्यासारखी सावली दिसली तर तिथे फुगवटा असू शकतो, तशी बंदूक सरळ गनस्मिथकडे न्यायची. डमास्कस बॅरलची, म्हणजे नळीवर वेटोळी नक्षी असलेली फार जुनी बंदूक असेल तर ती भिंतीवर छान दिसते, आजची काडतुसं तिच्यात नकोत.

मग चोक. चोक म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळणं, जेणेकरून छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतील. १२ गेजची नळी आतून साधारण ०.७२९ इंच, आणि टर्कीसाठी विकले जाणारे चोक बहुतेक ०.६६० ते ०.६७० च्या आसपास असतात. नवीन माणूस दुकानात जाऊन सगळ्यात आवळलेला चोक आणि सगळ्यात महागडं शेल घेतो आणि समजतो झालं काम. तसं नसतं. शिशाचे छर्रे मऊ असतात, फार आवळलेल्या तोंडातून जोरात जाताना दबतात, वाकडेतिकडे होतात आणि पॅटर्न (कागदावर पडणारा छर्ऱ्यांचा ठसा) मधेच रिकाम्या जागा असलेला येतो, आणि तोच चोक शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या बंदुकीत मस्त चालतो. का, तर दोन बॅरल कधीच अगदी सारख्या नसतात. हे दुकानात उभं राहून कळत नाही, कागदावरच कळतं. चोकचे आटे पण कंपनीप्रमाणे वेगळे, रेमिंग्टनचा चोक मॉसबर्गला लागत नाही, जबरदस्तीने फिरवला तर बॅरलचे आटे गेलेच समजा.

पॅटर्निंग हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. मोठा कागद, साधारण चार फूट बाय चार फूट, मध्ये एक ठळक खूण. सुरुवातीला पंधरा-वीस यार्डावरून स्वस्तातलं हलकं टार्गेट लोड (सरावाचं काडतूस) उडवा, इथे पॅटर्न बघायचाच नाही, फक्त मधला गठ्ठा खुणेवर पडतोय का ते बघायचं. शॉटगन आहे, थोडं इकडे तिकडे चालतं असं लोक म्हणतात, पण दुकानात येणाऱ्या बंदुकांत खुणेपासून अर्धा फूट बाजूला मारणाऱ्या बंदुका मी पाहिल्यात, आणि टर्कीच्या आवळ चोकला अर्धा फूट म्हणजे पूर्ण चुकणं. मग शिकारीचंच शेल घेऊन ४० यार्ड. उडवून झालं की जिथे छर्रे सगळ्यात दाट आहेत तिथे १० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि भोकं मोजायची. शंभर किंवा जास्त असतील तर त्या अंतरापर्यंत ती चोक-शेलची जोडी चालते असं इथले जुने शिकारी धरतात. मी त्यात आणखी एक बघतो, वर्तुळात मुठीएवढी रिकामी जागा कुठे आहे का, कारण आकडा १३० आला आणि मधेच मुठीएवढं भोक असेल तर टर्कीचं डोकं नेमकं त्या भोकात असू शकतं. एका कागदावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक जोडीचे तीन तरी कागद घ्या आणि प्रत्येकावर चोक, शेल, अंतर, तारीख लिहा. ४० ला जमत नसेल तर ३५ ला, ३० ला या. जिथे कागद हो म्हणतो ते तुमचं अंतर, पेटीवर काहीही छापलेलं असू दे.

आणि २० यार्डावर पण कागद लावा, हे बहुतेक कोणी करत नाही. इतक्या जवळ टर्की चोकचा गठ्ठा अगदी छोटा असतो, माणसाला वाटतं जवळ आहे म्हणजे सोपं आहे, उलट जवळचा टर्कीच जास्त चुकतो. तो कागद डोळ्यांनी बघितला की रानात आपोआप नीट नेम धरला जातो.

छर्ऱ्यांबद्दल थोडक्यात. शिशाचे नंबर ४, ५, ६ हे नेहमीचे, नंबर ५ चे एका औंसात साधारण १७० बसतात, म्हणजे पावणेदोन औंसाच्या शेलमध्ये तीनशेच्या आसपास. हल्ली टंगस्टनचे म्हणजे टीएसएस छर्रे आलेत, ते शिशापेक्षा खूप जड, घनता १८ च्या घरात तर शिशाची ११ च्या थोडी वर, त्यामुळे नंबर ९ सारखा बारीक छर्रा पण नीट आत जातो आणि एका शेलमध्ये कितीतरी जास्त बसतात. म्हणूनच २० गेज आणि अगदी त्याहून बारीक नळीच्या फोर-टेनने सुद्धा लोक आता टर्की मारतात. महाग आहेत, एकेका शेलला दहा डॉलर किंवा वर जातात, त्यामुळे निशाणा लावायचं काम हलक्या लोडवर उरकून मगच ते बाहेर काढा. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने १२ गेजच्या ३½ च्या भानगडीत पडू नये, तो धक्का इतका असतो की दोन-चार बारानंतर शरीर आधीच दचकायला लागतं आणि ती सवय पुढे मोडत नाही. ३ इंची पुरतं. बारीक चणीच्या माणसाला २० गेज आणि टीएसएस. आणि इतकी शेल्स उडवायची म्हणून जीव जाळू नका, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास संपत आलेला हा पक्षी आज पुन्हा रानोमाळ दिसतो त्यात अशा पैशाचा मोठा हात आहे.

नेम लावायचं म्हणाल तर साध्या शॉटगनला पुढे फक्त एक माशी (नेम धरायचा छोटा मणी) असते, मागची साइट म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्याला नीट टेकला नाही, डोकं जरा उचललं की बार वर जातो. समोर गॉब्लर (नर टर्की) पिसारा फुलवून उभा असतो, त्याला नीट बघायला माणूस नकळत डोकं उचलतो आणि छर्रे डोक्यावरून निघून जातात, हे फार कॉमन आहे. म्हणून मी नवीन लोकांना रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसणारी साइट) लावायला सांगतो. रिसीव्हरला आधीच भोकं आणि आटे असतील तर माउंट घरी पण बसतो, पण स्क्रू आणि भोकं आधी तेल काढून कोरडी करायची, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) एकच थेंब (लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही), आणि माउंटच्या कागदावर जितका टॉर्क लिहिलाय तितकाच, टॉर्क ड्रायव्हरने, अंदाजाने पिळायचं नाही. नंतर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत पेंटची बारीक रेघ मारून ठेवा, स्क्रू हलला तर रेघ तुटलेली लगेच दिसते.

साफसफाई. पॅटर्निंग झालं की चोक काढा, आतून काळा चिकट थर असतो, तो बारूद आणि प्लास्टिकच्या वॉडचा (शेलमधल्या छर्रे धरणाऱ्या कपाचा), सॉल्व्हंटमध्ये भिजत घालून ब्रशने काढायचा. बॅरलमधून ब्राँझ ब्रश, मग कोरडे पॅच, मग तेलाचा अगदी पातळ हात. चोकच्या आट्यांना चोक ग्रीस लावून हाताने पूर्ण बसवायचा, नंतर पान्याने नुसता टेकवायचा. चोक न लावता कधीच बार काढू नका, आटे उघडे पडतात आणि खराब होतात. चोक सैल होतोय का ते रेंजवर अधूनमधून बघा, अर्थात बंदूक पूर्ण रिकामी करून, ॲक्शन उघडी ठेवून. हात साबणाने धुवा, शिसं असतं, आणि ते काम किचनच्या टेबलावर करू नका.

तेल जास्त घालायची आपल्याला सवय असते, ती बंदुकीला नको. ट्रिगर ग्रुपमध्ये स्प्रे मारमारून ठेवलेल्या बंदुका दुकानात येतात, आत सगळं घट्ट चिकट झालेलं, पहाटेच्या थंडीत तर ते आणखी दाटतं. रेमिंग्टन ८७० सारख्या पंपमध्ये (पुढची मूठ मागेपुढे ओढायच्या बंदुकीत) ट्रिगर ग्रुप दोन पिना काढल्या की अख्खा बाहेर येतो, साफ करा, पुसा, एक-दोन थेंब बस. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो असेल तर पिस्टन आणि गॅसची भोकं साफ हवीत. इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्यावर, चालणारी असेल तर वेगळी काळजी, पहाटे अंधारात आवाज नको म्हणून लोक बोल्ट हाताने हळूच पुढे सोडतात, तो शेवटचा थोडासा भाग फिरून लॉक होत नाही, आणि टर्की समोर आल्यावर चाप ओढला की नुसता टिक आवाज येतो. बोल्ट स्प्रिंगच्या जोरानेच बंद होऊ द्या, आणि ते गाडीतून उतरून जागेवर पोचल्यावर लवकरच उरका. सेफ्टीचं बटण पण घरी रिकाम्या बंदुकीवर दोन बोटांत धरून बिनआवाज सोडायची प्रॅक्टिस करा, शांत रानात तो टिक लांबवर जातो.

पावसात किंवा दवात भिजली तर त्याच दिवशी उघडायची. मॅगझिन ट्यूबमधली स्प्रिंग, चोकचे आटे, दस्त्याखालचा भाग, गंज इथूनच सुरू होतो. फोम लावलेल्या केसमध्ये ठेवून विसरू नका, फोम ओल धरून ठेवतो. सेफमध्ये तोंड खाली करून ठेवलं तर तेल दस्त्यात मुरत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात.

घरी करू नये अशी कामं: ट्रिगर हलका करणं, जुन्या फिक्स्ड चोकच्या बॅरलला आटे पाडणं, फोर्सिंग कोन (चेंबरपुढचा निमुळता भाग) लांब करणं. बॅरलची भिंत किती जाड आहे हे मोजल्याशिवाय तिथे हात लावायचा नसतो आणि ते मोजायचं साधन घरी नसतं.

काही जणांना हे कामच शिकायचं असतं, त्यांच्यासाठी. आपल्याकडे फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब ज्यांनी मनापासून केलाय त्यांना इथे खरंच फायदा होतो, काकांनी मला पहिले कित्येक महिने कानस आणि दगडच दिला होता. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजात १९४७ पासून गनस्मिथिंगचा कोर्स आहे, नॉर्थ कॅरोलिनातल्या माँटगोमेरी कम्युनिटी कॉलेजातही आहे, नोकरी सोडणं शक्य नसेल तर उन्हाळ्यातले छोटे कोर्स बघा. स्वतःच्या बंदुकीवर काम करायला लायसन्स लागत नाही पण पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं करायचा धंदा करायचा तर फेडरल फायरआर्म्स लायसन्स लागतं, आणि गिऱ्हाईकाची बंदूक रात्रभर दुकानात राहिली की तिची नोंद वहीत करावीच लागते. ही वही नीट ठेवणं हा कामाचाच भाग आहे.

आणि गनस्मिथकडे बंदूक नेताना ती रिकामी, ॲक्शन उघडी, केसमध्ये, काडतुसं गाडीतच ठेवून न्या, आणि सोबत पॅटर्नचे कागद घेऊन जा. नीट मारत नाही एवढंच सांगितलं तर तो पण अंदाजच करणार, चार कागद समोर टाकले तर चोक बदलायचा, शेल बदलायचं की दस्त्यात शिम (पातळ पट्टी) घालायचा हे तो पाच मिनिटांत सांगतो. मार्चच्या मध्यापर्यंत जा, एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच दुकानात रांग असते.