आइसलँडचा रिंग रोड: गाडी स्वतः चालवायची असेल तर

आइसलँडला वळसा घालणारा रिंग रोड, म्हणजे रस्ता क्रमांक १, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. पुण्याहून नागपूरला जाऊन परत यायला याहून जास्त अंतर पडतं. म्हणून पुष्कळ जण पाच दिवसांचा बेत आखतात आणि अख्खा देश काचेतून बघून परततात. किमान आठ रात्री ठेवा, दिवसाला शक्यतो २५० किलोमीटरच्या आत राहा आणि एखादी रात्र राखीव ठेवा, वाऱ्यासाठी. पहिल्यांदाच जात असाल तर जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ निवडा.

उन्हाळ्यात रिंग रोडला साधी छोटी गाडी पुरते. क्रमांकाआधी 'एफ' असलेले डोंगरी रस्ते मात्र फोर-व्हील ड्राइव्हचेच. ते बहुधा जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि त्यांवर पूल नसलेल्या नद्या लागतात. नदीत गाडी बुडाली तर नुकसान सहसा कुठल्याच विम्यात बसत नाही. रस्ता सोडून लाव्ह्यावर किंवा शेवाळावर गाडी घालणं गुन्हा आहे, दंडही जबर आहे. ते शेवाळ एकदा चिरडलं की भरून यायला कित्येक दशकं जातात.

विमा घेताना खडी आणि वाळू-राख ही दोन्ही संरक्षणं बघून घ्या. दक्षिण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्या पठारांवर वादळ उठलं की गाडीचा रंग खरवडून निघतो. गाडी ताब्यात घेताना काच, चाकांच्या रिम आणि बंपरची खालची कड यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

आता वारा. या सहलीत बर्फापेक्षा जास्त नुकसान वारा करतो, आणि तेही बरेचदा गाडी उभी असताना. मागून झोत आला की दार हातातून सुटतं, पुढे उलटतं, बिजागऱ्या वाकतात, मग दार बंदच होत नाही. असं मोडलेलं दार विम्यात बसेल असं धरून चालू नका. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा. दार उघडताना एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने दाराची कड धरा. एका वेळी एकच दार उघडा आणि मुलांचं दार मोठ्यांनीच उघडा. हवामान खात्याच्या वेदुर डॉट इस या साइटवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात, त्याला ३.६ ने गुणा. झोत २० च्या वर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरपुढे जाणार असतील तर त्या दिवशी मुक्काम हलवू नका. रस्त्यांची स्थिती उमफेरदिन डॉट इसवर आणि धोक्याच्या सूचना सेफट्रॅव्हल डॉट इसवर रोज सकाळी निघण्याआधी बघा. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून ज्वालामुखीचे वारंवार उद्रेक झाले आहेत, त्यामुळे तिकडचे रस्ते अचानक बंद होऊ शकतात. आपत्कालीन क्रमांक ११२.

वाहतूक उजव्या बाजूने चालते. चूक बहुधा गर्दीत होत नाही. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना होते. दिवे दिवसाही चालू हवेत. वेगमर्यादा डांबरावर ९०, खडीवर ८० आणि गावात ५०. डांबर संपण्याची पाटी दिसली की खडी लागायच्या आधीच वेग ५०-६० वर आणा. खडीवर पोहोचल्यावर ब्रेक दाबला तर गाडी घसरते. एकेरी पुलावर जो जवळ असेल तो आधी जातो, तरी समोरचा थांबतोय याची खात्री करूनच पुढे व्हा. दुपदरी गोल चौकातून बाहेर पडताना आतल्या लेनमधल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. फोटोसाठी रस्त्यावर थांबू नका, कारण बाजूला साइडपट्टी जवळपास नसतेच.

पंप बहुतेक स्वयंचलित असतात आणि कार्डाला पिन लागतो. टाकी अर्धी झाली की भरा. पूर्वेकडचं एगिलस्टादिर गाव ते उत्तरेकडचं म्यवात्न सरोवर या सुमारे १६५ किलोमीटरच्या ओसाड टप्प्याआधी तर टाकी भरलेलीच हवी.

रेनिसफ्यारा किनाऱ्यावर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसॉल्टचे खांब आहेत. इथे समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. शांत वाटणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक खूप आत येते आणि माणसं ओढून नेते. किनाऱ्याजवळचा धोक्याचा लाल दिवा लागला असेल तर वरूनच बघा.

म्यवात्नला दोन रात्री द्याच. सह्याद्रीचा काळा दगड आपल्याला थंडगार झालेलाच माहीत असतो. इथे ती जमीन अजून तापलेली भेटते. जवळच्या ह्वेरिर या वाफाळत्या पठारावर राखाडी चिखल रटरट उकळतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. दोरीच्या आतच चाला, कारण फिकट रंगाच्या जमिनीखाली पातळ पापुद्रा आणि त्याखाली उकळतं पाणी असू शकतं. १९७५ ते १९८४ दरम्यान उद्रेक झालेला क्राफ्ला ज्वालामुखी तिथून गाडीने काही मिनिटांवर आहे. डेटिफॉस धबधब्याला ८६२ क्रमांकाच्या डांबरी रस्त्याने जा. पलीकडचा ८६४ खडीचा आहे. जून-जुलैत चिलटांचे थवे उठतात, डोक्यावर ओढायची जाळी जवळ ठेवा. न्हाणीघरातल्या गरम पाण्यालाही तोच गंधकाचा वास येतो. त्याने चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण-अंगठ्या काढूनच आंघोळ करा.

म्यवात्नहून अकुरेयरी या शहराकडे जाताना ७.४ किलोमीटरचा वाद्लाहेदी बोगदा लागतो. त्याला टोल आहे पण नाका नाही; पैसे ऑनलाइन, त्याच दिवशी भरा. राहून गेले तर बिल गाडी देणाऱ्या कंपनीकडे जातं आणि ती वर आपलं शुल्क लावते. टोल नको असेल तर विकुरस्कार्द खिंडीचा जुना रस्ता आहे, थोडा लांबचा, पण पलीकडे उतरताना फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीचं, पाणी दिसत राहतं.