कॉलेजसाठी घर सोडताय? सामान बांधताना या चुका टाळा

मागच्या वर्षी भाच्याला पुण्याला सोडायला गेलो होतो. उदगीरहून रात्रीची एसटी, पहाटे स्वारगेट. डिकीतून आमचं सामान निघत होतं ते निघतच होतं. दोन बॅगा, गादीची वळकटी, बादली, बादलीत मग, मगात साबण, कुकर, दहा किलो ज्वारीचं पीठ आणि ताईने निघता निघता गळ्यात मारलेलं टेबलफॅनचं खोकं. रिक्षावाल्याने एकदा सामानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काका, टेम्पो बघा."

हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. वीस वर्षांपूर्वी मीही असाच उतरलो होतो.

खोली नाही, कॉट मोजा

हॉस्टेलची यादी लागेपर्यंत बहुतेक पोरं कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे तुमच्या वाट्याला एक कॉट, तिच्याखालची जागा आणि दोघांत मिळून एक कपाट. बस्स. घरी आपण "खोली मिळाली" असं ऐकतो आणि डोळ्यांपुढे आपल्या घरातली खोली येते. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

माझा नियम साधा आहे. जे तिथे अर्ध्या तासात विकत मिळतं, ते न्यायचं नाही. बादली, मग, गादी, उशी, हँगर, झाडू हे सगळं पुण्यात पावलोपावली मिळतं. भांडी हवी असतील तर तुळशीबाग आहे, पुस्तकं हवी असतील तर अप्पा बळवंत चौक. तिथे जुनी पुस्तकंही मिळतात. त्यामुळे पहिल्या वर्षाची सगळी नवीकोरी पुस्तकं आधीच घेऊन ठेवू नका. कोणत्या सरांना कुठलं पुस्तक लागतं ते पहिल्या पंधरा दिवसांत कळतं.

आणि सामान आधीच जास्त झालं असेल तर? कॉटखाली मावेल तेवढं ठेवा, उरलेलं सोडायला आलेल्या माणसाबरोबर त्याच दिवशी परत पाठवा. टेबलफॅन मी मांडीवर घेऊन परत आणला. ताई दोन दिवस बोलली नाही.

कागद आणि लोणचं एका पिशवीत

ही चूक माझी स्वतःची. आईने कैरीचं लोणचं काचेच्या बरणीत भरलं, वर फडकं बांधलं, आणि ती बरणी सांभाळून न्यायची म्हणून हातातल्या पिशवीत ठेवली. सांभाळून न्यायचे म्हणून मूळ कागदही त्याच पिशवीत. खड्ड्यांनी आपलं काम केलं. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि विचारलं, "हा दाखला आहे की तळलेला पापड?"

दाखला चालला. पण धडधड अजून आठवते. कारण कॉलेज हा मूळ दाखला ठेवून घेतं आणि नंतर बँकेला, शिष्यवृत्तीला, पाससाठी जिथे तिथे त्याची प्रत मागतात. म्हणून तो हातातून सोडण्याआधी किमान दहा झेरॉक्स काढा आणि नीट स्कॅन करून ठेवा. मोबाइलने घाईत काढलेला, अंगठा दिसणारा फोटो नको. गुणपत्रिका, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र या सगळ्यांचं तसंच करा. आणि लोणचं प्लॅस्टिकच्या घट्ट फिरकीच्या डब्यात, झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालून, कपड्यांच्या बॅगेतही नाही, वेगळं न्या.

आरक्षणातून प्रवेश असेल तर एक गोष्ट दोनदा तपासा. एससी-एसटी सोडून इतर मागास प्रवर्गांना लागणारं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला, त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहणारे कितीतरी पालक पाहिलेत. जात पडताळणीच्या अर्जाची नुसती पावती असेल तर मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेआधी द्यावं लागतं, नाहीतर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि फीचा आकडाच बदलतो. हे काम पुण्यात बसून उरकणं अवघड. त्यासाठी आपल्या तहसीलला, सेतूला आणि जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे खेटे घालावे लागतात, तेव्हा निघण्याआधीच मार्गी लावा.

ओटीपी शेतात जातो

ऐकायला गंमत वाटते, पण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. दहावीच्या आधी कधीतरी आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. पोरगं पुण्यातल्या सायबर कॅफेत शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज भरतंय, ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर, आणि वडील सोयाबीनच्या रानात, जिथे रेंज नाही. रेंज आली तोवर ओटीपीची मुदत संपलेली. भाच्याचे असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दाजी फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढून बसले. गाव सोडण्याआधी आधार केंद्रात जाऊन पोराचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. आणि मग पुण्यात गेल्यावर स्वस्त प्लॅनसाठी नंबर बदलू नका.

शिष्यवृत्ती मंजूर दिसतेय, पण पैसे आले नाहीत? खातं चुकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अर्जात तुम्ही कुठलंही खातं लिहा, पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यावर. दोन खाती असली तर शेवटी जे जोडलं गेलं तेच धरतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय त्याची, स्थिती दिसते, ती बघा. भाच्याचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या, पासबुकही हरवलेल्या खात्यात निवांत पडून होते.

कपडे, मेस, घरमालक

प्रवेश होतात ऐन पावसाळ्यात. तेव्हा पाच जीन्स न्यायच्या नाहीत, दोन पुरतात, कारण खोलीत बांधलेल्या दोरीवर जीन्स तीन दिवस वाळत नाही. जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह महिनाभराची न्या. पाणी गरम करायची कॉइल मात्र घरीच राहू द्या. हॉस्टेलवर ती जप्त होते आणि जुन्या वायरिंगवर ती लावणं हा जिवाशी खेळ आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा नंबर पोराच्या आणि आईच्या, दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

मेसचे महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. आधी कूपनावर तीन-चार मेस जेवून बघा. खाड्याचा नियम विचारा, म्हणजे सलग किती दिवस आला नाहीत तर पैसे वजा होतात ते. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे कुणीही आधी सांगत नाही. पहिल्या रविवारी दुपारी मेजवानी झोडून रात्री पोरं उपाशी फिरतात. ताईचा चिवडा खऱ्या अर्थाने तेव्हाच कामी येतो.

डिपॉझिट दिलं की त्याची पावती, किंवा निदान ऑनलाइन दिल्याची नोंद हवीच. पहिल्या दिवशी सामान लावण्याआधी भिंती, पंखा, नळ, कपाटाचं दार यांचे फोटो काढा आणि मालकांना पाठवून ठेवा. माझ्या वेळी एका मालकांनी आधीपासूनच उखडलेल्या रंगाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले होते. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

दर शनिवारची गाडी

पहिल्या आठवड्यात घसा दाटून येतो, मेसच्या भाजीत साखर लागते, आणि शुक्रवारी हात आपोआप बॅगेकडे जातो. जाऊ नका. सरळ महालक्ष्म्यांना या. मधल्या काळात आईच पुण्याला आली तर उत्तम. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धंच तिकीट आहे. फक्त आल्यावर तिने खोली आवरायला घेऊ नये, हे मुलाने नाही, मामाने सांगावं.

आणि महालक्ष्म्यांना जाताना रिकामे स्टीलचे डबे आठवणीने न्या. त्यांच्यावर नाव कोरलेलं असतं आणि कुठला डबा कुणाकडे राहिला ते आईला पाठ असतं. माझ्या आईच्या हिशेबात २००५ सालचा एक पुरणाचा डबा अजून यायचा आहे.