ऑटोमॅटिक गाडी झटके मारून राह्यली? बॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

"भाऊ, गाडी रेस घेऊन राह्यली, पण पळून नाही राह्यली." नागपुरात मानेवाडा रोडला माझ्या गॅरेजवर जुनी ऑटोमॅटिक आली की गाऱ्हाणं बहुतेक याच शब्दांत येतं. सोबत कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की बॉक्स, म्हणजे गिअरबॉक्स, उतरवावा लागेल. कधी लागतोही. पण ते सगळ्यात शेवटचं काम. त्याआधीची निम्मी तपासणी मालकच करू शकतो, कारण रोज गाडी तो चालवतो. मी चालवून बघतो ती थोडाच वेळ.

पहिले बॉक्स कोणता ते बघा. मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग), चार गिअरच्या जुन्या गाड्यांबद्दल: सँट्रो, आय-टेन, एसएक्स-फोर, व्हर्ना, कोरोला. २०१४ मध्ये सेलेरिओत आलेली एएमटी ही निराळी जात आहे. तिच्यात साधाच मॅन्युअल बॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिच्या लिव्हरवर 'पी' नसतो, तेवढ्यावरून ती ओळखता येते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे आरपीएमचा काटा पायरी-पायरीने खाली येत नाही. या दोन्हींना पुढचं फारसं लागू नाही.

आता वही घ्या. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण लिहा. त्रास गाडी ठंडी असताना होतो की गरम झाल्यावर? कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना? गिअर चढताना की उतरताना? हलक्या पायाला की अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर? एसी चालू असताना वाढतो का? "झटका मारते" एवढ्यावर मी काहीच सांगू शकत नाही. "गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस वाढते, मग धक्का बसतो" असं कुणी म्हटलं, की माझं शोधायचं काम कितीतरी कमी होतं.

ठंडं-गरम यावर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. जानेवारीतल्या सकाळी 'डी' टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही आणि नंतर दिवसभर नीट चालते, तर आतली रबरी सीलं कडक झाली असतील, ऑइल कमी असेल, किंवा रातभर कन्व्हर्टरमधून ऑइल उतरत असेल. उलट, सकाळी ठीक आणि अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर स्लिप मारते, म्हणजे रेस वाढते पण ओढ येत नाही, तर गरम ऑइल पातळ होऊन झिजलेल्या सीलांतून दाब निसटत असण्याची शक्यता जास्त. सोलेनॉइडच्या (बॉक्समधल्या ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) कॉइलचा रेझिस्टन्सही तापल्यावर वाढतो. आधीच कमजोर झालेली कॉइल तेव्हाच दगा देते. म्हणून नवतपात, पारा ४५ च्या वर असताना, व्हरायटी चौकात अडकून गाडी बिघडत असेल तर तीच गाडी सकाळी सहाला चालवून मेकॅनिकला दाखवू नका. त्याला काहीच दिसणार नाही. दुपारी आणा, तापलेली आणा.

मग ऑइल, बॉक्सचं, इंजिनाचं नव्हे. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी) बघण्यातच लोकं घोळ करतात, कारण कंपनीगणिक रीत वेगळी. डिपस्टिकवाल्या ह्युंदाईत गाडी फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून हळूहळू फिरवायचा, मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी आणून 'हॉट'च्या खुणांमध्ये लेव्हल पाहायची. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या होंडात उलटं: गरम करून इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत पाहायचं. एकीची रीत दुसरीला लावली की लेव्हल चुकीची दिसते आणि माणूस उगाच ऑइल ओततो. जास्त झालेल्या ऑइलला फेस येतो, फेसाने दाब पडतो, आणि लक्षण दिसतं ते ऑइल कमी असल्यासारखंच. बऱ्याच टोयोटात डिपस्टिकच नसते. तिथे लिफ्टवर घेऊन, ऑइलचं तापमान बघून, बोल्टातून लेव्हल पाहावी लागते.

डिपस्टिक पांढऱ्या कपड्यावर पुसा. लाल किंवा तपकिरी लाल असेल तर ठीक. काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा जळल्या समजा. आणि ऑइल रोझ मिल्कसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका, टो करून आणा. आत पाणी शिरलंय. हे पाणी बहुधा रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा नागपुरात दुसरी वाटही कळली: बुडालेल्या गाडीच्या बॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी थेट आत जातं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं, चिकटवलेलं असतं. पाण्याने ते सुटतं. बुडालेली सेकंडहँड गाडी घेताना इंजिन सगळेच बघतात, ही डिपस्टिक कुणी काढत नाही.

ऑइल कोणतं टाकलं, तेही विचारा. जुन्या ह्युंदाईला एसपी-थ्री, जुन्या कोरोलाला टी-फोर, होंडाला पहिले झेड-वन आणि नंतर डीडब्ल्यू-वन. "सगळ्याला चालते" म्हणणाऱ्याच्या डब्यापासून लांब राहा. नुसतं ड्रेन केलं की साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून बदलायचं तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा ड्रेन करून भरा. मशीन लावून दाबाने फ्लशिंग मी जुन्या बॉक्सला करत नाही. आतली घाण हलून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल वाटून गिअर बदलणाऱ्या भागात, जाऊन बसते.

ऑइल ठीक असेल, तर आता बॉक्स सोडून बाकी सगळ्यावर शंका घ्या. 'पी'तून 'डी' किंवा 'आर' टाकताना धाडकन आवाज येतो? बॉनेट उघडा, दुसऱ्याला ब्रेक घट्ट दाबून गिअर टाकायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनाकडे बघा, समोर उभं राहू नका. इंजिन उडी मारत असेल तर फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलंय तो, रबर गेलाय. आयडल आरपीएम वाढलेलं असलं तरी असाच धक्का बसतो. लिव्हर 'पी'मधून निघतच नाही? आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा. नसतील लागत, तर ब्रेक पेडलचा स्विच किंवा फ्यूज गेला असेल. बॉक्सचा काही संबंध नाही. स्पीडोमीटरचा काटा नाचत असेल तर स्पीड सेन्सर बघा. बॅटरीची अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेली वायरिंग हेही राहून जातं. आणि एखादा प्लग मिस मारत असेल, तर चढावर जी थरथर होते ती भल्याभल्यांना गिअर स्लिप वाटते.

रोड टेस्टला मी सकाळी वर्धा रोडवर विमानतळाच्या पुढे जातो, आणि चढासाठी सेमिनरी हिल्स. हलक्या पायाने चालवत आरपीएमकडे बघा: प्रत्येक गिअर पडताना काटा एकदा खाली यायला पाहिजे. आधी वर उडून मग खाली आला तर तो गिअर स्लिप मारतोय. चौथा लागल्यावर स्थिर वेगात काटा आणखी थोडा उतरतो, ते कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडले जातात. नेमक्या त्याच वेळी सीटमध्ये बारीक थरथर येत असेल, तर खूपदा योग्य ऑइल बदलल्यावर ती जाते. मग ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे चौथ्या गिअरचं, बटन असेल तर बंद करा, गाडी तिसऱ्यात यायला पाहिजे. शेवटी लिव्हर 'एल'मध्ये (लो, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये) ठेवून निघून बघा.

खरी गंमत आता आहे. आय-टेन, व्हर्नाच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये एकच क्लच अनेक गिअरना कामी येतो, त्यामुळे कोणकोणते गिअर खराब आहेत यावरून आत काय गेलं ते कळतं. दुसरा आणि चौथा दोन्ही बिघडले तर सेकंड ब्रेक (हा चाकाचा ब्रेक नव्हे, बॉक्समधलाच प्लेटांचा भाग). तिसरा-चौथा बिघडले आणि पहिला-दुसरा चांगले, तर ओव्हरड्राइव्ह क्लच. पहिला, दुसरा, तिसरा गेले आणि रिव्हर्स दणकट, तर अंडरड्राइव्ह क्लच. 'डी'मध्ये पहिल्याला स्लिप, पण 'एल'मध्ये मस्त उचलते, तर वन-वे क्लच, एकाच दिशेने पकडणारा. 'एल'मध्ये इंजिन ब्रेकिंग नाही आणि रिव्हर्सही कमजोर, तर लो-रिव्हर्स ब्रेक. सगळेच गिअर ढिले? मग एखाद्या प्लेटच्या मागे लागू नका. ऑइल, फिल्टर, पंप, कन्व्हर्टर यांच्याकडे चला.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून जड उचलत असेल तर तो फेल-सेफ, म्हणजे बिघाड दिसल्यावर बॉक्स वाचवायला गाडीने स्वतःच धरलेला गिअर. ह्युंदाईत बहुधा तिसरा. इथे स्कॅनर लागतोच, आणि तो गिअरबॉक्सचा कंट्रोलर (गिअर बदलणारा कॉम्प्युटर) वाचणारा पाहिजे. साधा स्कॅनर पी०७०० दाखवून थांबतो, त्याचा अर्थ एवढाच की "कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे". आतला कोड पाहिजे: पी०७१५ इनपुट सेन्सर, पी०७२० आउटपुट सेन्सर, पी०७४० लॉक-अप, पी०७५० पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड. सोलेनॉइडचा कोड आला म्हणजे सोलेनॉइडच गेला असं नाही. कनेक्टरवर मीटर लावून ठंड्यात आणि गरममध्ये रेझिस्टन्स मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे खरोखर स्लिप आहे. कोड खोडण्याआधी फोटो काढून ठेवा.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून फुल रेस देणं, घरी करू नका. पाच सेकंदांच्या वर गेली तर चांगल्या बॉक्सलाही मारते.

एवढं करूनही शंका उरली तर बॉक्स न उतरवता खालचा चेंबर (बॉक्सची ऑइलची ताटली) उघडायला सांगा, आणि तुम्ही तिथेच उभे राहा. आतल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. लोखंडाचे तुकडे, पितळी चकाकी किंवा काळ्या अस्तराचे कपचे दिसले तर मग उतरवायचं बोलणं सुरू करा. काढलेल्या प्लेटा आणि सीलं घरी न्यायची आहेत, हे काम सुरू होण्याआधीच सांगा. काम झाल्यावर कंट्रोलरची जुनी शिकवण, म्हणजे झिजलेल्या बॉक्सप्रमाणे त्याने लावून घेतलेली सवय, स्कॅनरने रिसेट करून घ्या; त्यानंतर काही दिवस गिअर थोडे वेगळे पडतील, तेवढ्यासाठी धावत परत येऊ नका.