व्हिलातल्या जकुझीचं पाणी कसं तपासायचं

लोणावळा, कर्जत, अलिबाग, जिकडे बघाल तिकडे भाड्याच्या व्हिलात जकुझी आलीय, पण पाण्याची तपासणी म्हणजे केअरटेकरने वाकून बघायचं आणि "क्लीन आहे सर" म्हणायचं. पाणी नितळ दिसलं तरी त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू असू शकतो, तोच अंगावर पुरळ आणतो. लिजिओनेला हा जंतू तर त्याहून वाईट, वाफेतून, तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्सला फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या बघायला ठेवलेल्या जकुझीमुळे 30 पेक्षा जास्त माणसं गेली, पाण्यात उतरायचीसुद्धा गरज नाही.

रोजचं काम सोपंय. फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं उरलेलं, किमान 3 पीपीएम (लिटरला 3 मिलिग्रॅम), पीएच म्हणजे पाण्याची आम्लता 7 ते 7.8, तापमान 40 डिग्रीच्या वर नाही. गरम पाण्यात बबल्स चालू असले की क्लोरीन भराभर उडतं, म्हणून सकाळी एकदा बघून भागत नाही, गेस्ट उतरायच्या आधी परत बघा. आणि ते पिवळा रंग येणारं स्वस्त किट नको, ते टोटल क्लोरीन दाखवतं, म्हणजे वापरून झालेलंसुद्धा धरून, आपल्याला फ्री हवंय, त्यासाठी गुलाबी रंगवालं डीपीडी किट घ्या. एक गंमत, क्लोरीन खूपच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून जातो आणि शून्य आहे असं वाटतं, मग माणूस अजून ओततो! शंका आली तर सॅम्पलमध्ये साधं पाणी मिसळून पुन्हा टेस्ट करा.

आता लॅब. नुसतं "वॉटर टेस्ट" म्हणालात तर पिण्याच्या पाण्याची टेस्ट करून देतील, त्यामुळे स्यूडोमोनास आणि लिजिओनेला नाव घेऊन मागा, पहिली महिन्याला, दुसरी तीन महिन्यांनी. बाटली लॅबकडूनच घ्या, आत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं म्हणून ती विसळायची नाही. सॅम्पल जकुझी वापरात असताना घ्यायचं, ताजं क्लोरीन टाकून लगेच घेतलं तर रिपोर्ट छान येईल पण खोटा. बाटली वीतभर खाली बुडवून भरा, त्या वेळचं क्लोरीन-पीएच लिहून ठेवा, थंड ठेवून 24 तासांत पोचवा.

रिपोर्ट खराब आला तर नुसतं क्लोरीन वाढवून उपयोग नाही, खरी घाण पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि फिल्टरमध्ये असते. जकुझी बंद करा, पाइप क्लीनर फिरवा, सगळं रिकामं करा, फिल्टर बदला, भरून परत टेस्ट. लिजिओनेलाच्या कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, दहा दिवससुद्धा लागतात, तेव्हा 31 डिसेंबरच्या बुकिंगसाठी सॅम्पल महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवा.