शेवाळी भिंत: डबा उघडण्याआधी

मंद शेवाळी रंग शेडकार्डावर अगदी सोज्वळ दिसतो. भिंतीवर गेला की मात्र तो खोलीतल्या उजेडाच्या तंत्राने चालतो. पश्चिमेच्या खोलीत कलत्या उन्हाने त्यातला पिवळा वर येतो, तर उत्तरेच्या खोलीत तोच रंग राखाडीकडे झुकतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या दिवाणखान्यासाठी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेली छटा घरी संध्याकाळी पाच वाजता मुरलेल्या लोणच्यातल्या कैरीच्या सालीसारखी दिसू लागली आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला परत बोलवावे लागले.

म्हणून आधी नमुन्याचा छोटा डबा आणावा आणि खिडकीलगतच्या व तिच्या समोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगाचे दोन हात देऊन रंगवावेत. ते सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली हा रंग निस्तेज वाटतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार होतो. दिवे बदलायचे असतील तर ते आधी बदलावेत, रंग नंतर ठरवावा.

पुण्यात दिवाळीपूर्वी रंग उरकण्याची घाई सर्वांनाच असते, पण नुकत्याच सरलेल्या पावसाची ओल भिंतीत असेल तर कितीही महाग इमल्शनला पोपडे येतात. संशय असल्यास फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून चोवीस तास ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले, तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा. भिंत कोरडी असेल तर लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून, प्रायमर लावावा. गडद छटेत लांबीचे उंचवटे तिरप्या उजेडात उघडे पडतात, त्यामुळे पेपर मारताना भिंतीला बॅटरी आडवी धरून पाहावे, आणि शक्यतो मॅट फिनिशच घ्यावे. यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांत बारीक फरक पडू शकतो, तेव्हा एका भिंतीचे सगळे डबे बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. रंगाच्या दोन हातांमधले वेळेचे अंतर डब्यावर छापल्याप्रमाणे पाळावे; रंगारी ते कमी करू पाहतोच.

जुन्या फ्लॅटमध्ये कोटा फरशी असेल तर तिची हिरवट राखाडी झाक लक्षात घेऊन एकच भिंत शेवाळी ठेवावी, नाहीतर खोलीत तळ्याकाठी बसल्यासारखे वाटते. उरलेल्या भिंतींना निळसर पांढरा देऊ नये, त्याच्या शेजारी शेवाळी मळकट दिसतो. किंचित सायीकडे झुकणारा पांढरा घ्यावा. सागवानी दारे असतील तर त्यांवर रंग चढवू नये, पॉलिशच करावे, कारण सागाचा तांबूसपणा या रंगाला फार शोभतो. तांबट आळीतला एखादा तांब्याचा हंडा त्याच कारणासाठी या भिंतीपुढे खुलतो. बटणांच्या चकचकीत पांढऱ्या पट्ट्या मात्र या भिंतीवर डोळ्यांत खुपतात. त्या बदलायच्या असतील तर इलेक्ट्रिशियनला शेवटच्या हाताआधी बोलवावे. नंतर बोलावल्यास त्याच्या बोटांचे ठसे मॅट भिंतीवर राहतात.