पिकअपचा बॉल जॉइंट वेळेआधी झिजतो तेव्हा

चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी (दांड्याशी) जोडणारा फिरता सांधा म्हणजे बॉल जॉइंट. तो लवकर झिजण्याचे मूळ बहुतेकदा त्याच्या फाटलेल्या रबरी बुटात (आवरणात) असते. तेथून ग्रीस निघून जाते, धूळ-पाणी आत शिरते आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरून गाडी खड्ड्यांतून धावली की झीज झपाट्याने वाढते.

तपासताना, स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्यास जॅक त्या आर्मखालीच लावावा, नाहीतर जॉइंटवर ताण राहून ढिलाई लपते. मग गाडी त्याच जागी स्टँडवर टेकवून टायरखालून पहारीने हलकेच उचलावे आणि दुसऱ्याने जॉइंटकडे पाहावे. कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त ढिलाई दिसल्यास गाडी रस्त्यावर काढूच नये, कारण जॉइंट निखळला तर चाकच कोलमडते.

खर्चात मजुरी आणि व्हील अलाइनमेंटही धरावी. काही गाड्यांत जॉइंट आर्मसकटच बदलावा लागतो, हे आधीच विचारून घ्यावे.